तासाभराच्या अंतरावरची मावशी

दोन शहरांमधलं अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, असं मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी बजावतो. रस्त्याला वळणं असतात, मध्ये डोंगर असतो, नदी असते, पूल भलत्याच ठिकाणी बांधलेला असतो. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पट्टीच ठेवतात. मी त्यांचे गुण कापतो. त्या रविवारी मात्र जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मी स्वतः पट्टी ठेवली, आणि माझे गुण कापायला तिथे कोणी नव्हतं.

झालं होतं असं, की सासूबाईंचा त्यांच्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे मावशींशी, रविवारचा फोन नुकताच संपला होता. हा फोन चालू असताना आमच्याकडे टीव्ही बंद, मिक्सर बंद आणि माझं तोंडही बंद असतं. दोघी एकमेकींना आठवड्याची खबरबात देतात, आणि दोघींचीही खबरबात इतकी सुखाची असते की ऐकणाऱ्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल शंका यावी. मावशींकडे म्हणे खिडकी उघडली की बाग, आणि शेजारीपाजारी त्यांना एकटीने जेवूच देत नाहीत. इकडून काय सांगितलं जातं ते मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. आपल्याच घराची बातमी आपण कशाला ऐकायची?

फोन ठेवून सासूबाई कोणालाच न उद्देशून म्हणाल्या, “आता कसली भेट होतेय आमची.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्या नजरेला आता शब्द लागत नाहीत. मी उठलो, माझ्या अभ्यासिकेतून मोठा नकाशा आणला आणि पट्टी ठेवली. बायकोने तोवर फोनवर शोधूनही काढलं. बसने जायला दिवस आणि रात्र लागते, तेही पाठ शाबूत असेल तर. विमानाने तासभर. सरळ रेषेत अंतर तर इतकं कमी, की मला त्या दोन शहरांचीच कीव आली.

“आई,” मी ऐटीत म्हटलं, “तुमची धाकटी फक्त तासाभरावर आहे.”

सासूबाईंनी चष्मा लावून पट्टीकडे पाहिलं. मावशींचे यजमान गेले तेव्हा त्या बसने गेल्या होत्या, आणि परत आल्यावर आठवडाभर वाकूनच चालत होत्या. त्यानंतर पुन्हा गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “तासभर? मग इतकी वर्षं आपण काय करत होतो?”

मी लगेच तिकिटं काढली.

मी याआधी विमानात बसलो नव्हतो, ही गोष्ट मी इमारतीत गुप्त ठेवणार होतो. पण बायकोने ती खालच्या कॅप्टनना सांगितली. कॅप्टन हे खरं म्हणजे फ्रीज विकणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाकडे दोन-तीनदा विमानाने जाऊन आले आणि त्या दिवसापासून आकाशातून कोणताही आवाज आला की मान वर न करता विमानाची जात सांगतात. चूक की बरोबर, हे ठरवायला कोणी वर जाऊन पाहत नाही. म्हणून त्यांचा अधिकार अबाधित आहे.

कॅप्टन लगेच वर आले. कानात कापूस घाला. वर जाताना काहीतरी चघळत राहा. आजींसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवा, तिथे मैलोगणती चालावं लागतं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की चपला घालू नका, धावपळीत सुटतात, लेसचे बूट घाला. मग कॅप्टननी माझा फोन हातात घेऊन विमानात शिरल्यावर तो विमानासाठी कसा गप्प करायचा ते तीनतीनदा शिकवलं. उतरल्यावर त्याला पुन्हा बोलतं कसं करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, आपण जमिनीवर आलो की त्यालाही कळत असेल.

पहिला खोडा आला तो ओळखपत्राचा. तिकिटासाठी सासूबाईंचं कार्ड पहिल्यांदाच नीट वाचलं, तर त्यावर नाव बरोबर, फोटो बरोबर, आणि पुढे लिहिलेलं, ‘पुरुष’. सासूबाईंना हे ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, बँकेत चालतं, मतदानाला चालतं, आपण कशाला उगाच कुणाला त्रास द्यायचा.

मी दुरुस्तीच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, त्या माझ्या बायकोच्या आई आहेत, याहून मोठा पुरावा काय असणार. बाईंनी ते मान्य केलं, पण तसा कागद लागतो म्हणाल्या. शेवटी सासूबाईंनाच घेऊन गेलो. बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “मला दिसतंय हो आजी. पण कॉम्प्युटरला दिसत नाही.” डॉक्टरांचा दाखला आणा असं ठरलं. आमचे डॉक्टर दाखला लिहिताना इतके हसले की सही वाकडी आली, आणि वाकड्या सहीपायी तो दाखला परत आला. पहिली तिकिटं वाया गेली. दुसरी काढली. मधल्या काळात थंडी पडली, आणि सासूबाईंनी मावशींसाठी स्वेटर विणायला घेतला. निघायच्या दिवसापर्यंत एक बाही बाकी होती. ती विमानात होईल म्हणाल्या. तासभर आहे ना.

विमानतळावर पोचल्यावर चाकाची खुर्ची घेऊन एक माणूस अदबीने पुढे आला. सासूबाईंनी त्याला असं काही पाहिलं की तो खुर्चीसकट मागे सरकला. “मी अजून चालते,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढे चालू लागल्या. तपासणीत त्यांची पिशवी यंत्रातून बाहेर आली ती हातात धरूनच एक मुलगी विचारू लागली, या सुया कुणाच्या? सुया नेता येणार नाहीत. तिने नियम दाखवला. सासूबाईंनी स्वेटर दाखवला. सुया काढल्या तर टाके सुटतील, आणि टाके सुटले की महिन्याची मेहनत उसवत जाईल, हे त्या मुलीला कळत होतं. तिची आजीही विणायची म्हणाली. पण सुया तिने डब्यात टाकल्याच. त्याआधी मात्र तिने युक्ती सुचवली. टाके एखाद्या दोरीत ओवून ठेवा.

दोरी कुठून आणायची? दोघींनी एकदमच माझ्या बुटांकडे पाहिलं.

अशा रीतीने माझ्या डाव्या बुटाची लेस स्वेटरच्या बाहीत गेली. मी तो बूट अंगठ्याने धरून चालू लागलो. विमानापर्यंत हे धोरण टिकलं. शिडीवर मात्र मी वर गेलो आणि बूट खालच्याच पायरीवर राहिला. तो घ्यायला वळलो, तेव्हा पाय आपल्या वाटेने गेला आणि मी माझ्या. घोटा मुरगळला. रांगेतल्या लोकांनी ‘अरेरे’ म्हटलं. त्या ‘अरेरे’त बुटाला दिलेली सहानुभूती जास्त होती असं मला आजही वाटतं. दोघांनी धरून मला आत नेलं. हवाई सुंदरीने सासूबाईंना विचारलं, “बाबांना खिडकीजवळ बसवू का?”

“बसवा,” सासूबाई म्हणाल्या.

मी कापूस घातला, फोन गप्प केला, चघळायला गोळी घेतली आणि पाय वर करून बसलो. सासूबाई माझ्यावरून वाकून खिडकीतून खाली पाहत होत्या. शेतं, रस्ते, एक नदी. बसने जाताना ही नदी किती वेळ संपत नव्हती, असं त्या म्हणाल्या. आता ती बोटभर दिसत होती. मला फार समाधान वाटलं. आयुष्यात एखादी गोष्ट मी वेळेवर नसेल, पण केली तरी होती.

तास संपत आला आणि विमान गोल फिरू लागलं. वैमानिकाने सांगितलं की खाली दाट धुकं आहे, उतरता येत नाही. अर्धा तास आम्ही मावशींच्या डोक्यावर घिरट्या घातल्या. सासूबाई खाली त्या पांढऱ्या कापसात बोट दाखवून म्हणाल्या, “ती इथेच कुठेतरी आहे.” मग विमानाने तोंड फिरवलं आणि आम्हाला एका तिसऱ्याच शहरात नेऊन उतरवलं. तिथून कंपनीची बस आम्हाला पोचवणार होती. आणि इथे, सासूबाईंनी नाकारलेल्या तसल्याच चाकाच्या खुर्चीत बसून मी बसपर्यंत गेलो. त्या शेजारून चालत होत्या. त्यांनी आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली होती.

बसमध्ये मी घरी फोन लावायला गेलो, तर रेंजच नाही. शहर गेलं, गावं गेली, फोन मुका. मी तो खिडकीबाहेर धरला, टपाकडे उंचावला. मागच्या सीटवरचा माणूस खुशाल कुणाशी तरी कांद्याच्या भावावर बोलत होता. मी त्याच्याकडे फोन मागितला नाही. माझी कंपनी वेगळी असेल, असं मनाला समजावलं. भूगोलाच्या शिक्षकाने डोंगराळ प्रदेशाला दोष द्यावा, यात गैर काही नाही.

दुपार टळता टळता आम्ही मावशींच्या रस्त्यावर पोचलो. अरुंद गल्ली, खाली इस्त्रीचं दुकान, वर दोन मजले. दुकानातल्या बाई कोळशाची इस्त्री हातात घेऊन आमच्याकडे पाहतच राहिल्या. सासूबाईंचा चेहरा बहिणीसारखाच. दुकानातल्या बाईंनी न विचारता चावी काढून दिली आणि म्हणाल्या की मावशी सकाळीच तुम्हाला आणायला विमानतळावर गेल्या, अजून आल्या नाहीत. मी बसून, उलटा, एकेक पायरी चढलो. त्या वेळी जिन्यावरून कुणी उतरलं नाही, हे त्या दिवसातलं एकमेव नशीब.

दार उघडलं. एक खोली, त्याला लागून स्वयंपाकाचा ओटा. सगळं लख्ख. खिडकीखाली पलंग. खिडकीतून बाग दिसत होती, खरंच दिसत होती, पण ती समोरच्या कचेरीच्या आवारातली होती, आणि तिला कुंपण होतं. फोनपाशी एक खुर्ची. घरात तेवढी एकच खुर्ची, आणि तिची गादी एका जागी खोल दबलेली. ओट्यावर नवं कोरं बिस्किटांचं पाकीट, दोन कप पालथे घातलेले. त्यातल्या एका कपावर अजून दुकानाचं लेबल होतं.

सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पर्स खाली ठेवली नाही. मला वाटलं त्या दमल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, “नको, ती तिची आहे.”

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी उचलला.

“कोण? धाकटे? अगं, कुठे आहेस तू?” मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, “आणि मी तुझ्या घरी.”

विमानतळावर मावशींना कुणीतरी सांगितलं होतं की विमान परत गेलं. त्यांनी माझा फोन लावला, तो अर्थातच बंद. आमच्या घरी लावला, तर बायको तिच्या लॅबमध्ये कामावर. मावशींनी विचार केला, की ताई अर्ध्या वाटेपर्यंत येऊन परत गेली, आता ती पुन्हा कशाची निघते. तोवर धुकं विरलं होतं. एक विमान आमच्या शहराकडे निघत होतं, त्यात जागा होती. मावशी त्यात बसल्या. ना कापूस, ना गोळी, ना कॅप्टन. आमची बस कुठल्याशा चहाच्या टपरीवर उभी असताना त्या आमच्या डोक्यावरून निघून गेल्या असणार. बायको घरी आली तेव्हा जिन्यात मावशी बसलेल्या आणि कॅप्टन त्यांना चहा देऊन विमानाची जात विचारत होते. आम्ही घरी परतलोच नाही हे कळल्यावर त्यांनी मावशींच्या घरचा फोन लावून पाहिला.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसलोही. मी फोन घेतला तेव्हा तिकडून बायकोही हसत होती. मग तिचा आवाज एकदम खाली आला. मावशी न्हाणीघरात गेल्या आहेत म्हणाली.

“अहो, मावशी विचारतायत, ताईची खोली कुठली.”

“कुठली खोली?”

“आईने त्यांना सांगितलंय की आपण तिला स्वतंत्र खोली दिलीय. पूर्वेकडची. सकाळी ऊन येतं ती. दार लावून ती आत विणत बसते म्हणून सांगितलंय.”

पूर्वेकडची खोली आमच्या घरात आहे. लेकीचं लग्न झालं तेव्हा ती रिकामी झाली. मग मी तिथे नकाशे लावले, पृथ्वीचा गोल ठेवला आणि तिला अभ्यासिका म्हणू लागलो. मी तिथे दुपारी झोपतो. सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा बाहेरच्या दिवाणावर त्यांची तात्पुरती सोय केली होती. त्यांचे कपडे दिवाणाखालच्या बॅगेत असतात. बातम्या संपून मी टीव्ही बंद केला की त्या झोपतात. तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे घरात कुणीच मोजलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“तुमची खोली दाखवली. म्हटलं, ही आईची. मावशींनी सगळं बघितलं. नकाशे, गोल, तुमचा बनियन.”

सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून कपावरचं लेबल नखाने काढत होत्या. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक.

आता खरं तर काम सोपं होतं. एकीने जागेवर थांबायचं आणि दुसरीने विमानात बसायचं. मी हा भूगोल दोघींना फोनवर नीट समजावला. मावशींना म्हटलं, तुम्ही उद्याच्या विमानाने परत या, आम्ही इथे आहोतच. पण मावशी ऐकेनात. त्या म्हणाल्या, “जावईबापू, ताईला राहू द्या तिथे आठ दिवस. तिला आजवर कधी स्वतःचं दार लावून घेता आलेलं नाही.”

मी फोन सासूबाईंकडे दिला आणि म्हटलं, तुम्हीच समजावा. त्यांनी समजावलं ते असं, की धाकटे, तू तिथेच राहा आठ दिवस. लेक आहे, खालचे लोक आहेत, जेवायला चार माणसं असतात. इथे मी बघते सगळं.

मग तिकडून मावशी काहीतरी हळू बोलल्या असाव्यात, कारण सासूबाई म्हणाल्या, “बरं. तूही तिथे फार बघत बसू नकोस.”

दोघी एकमेकींचं भलं करण्यात अशा गुंतल्या की भेटायचं राहूनच गेलं. मी वाद घातला. बायकोने घातला. कॅप्टननी फोनवर येऊन तिसरा मार्ग सुचवला, तो समुद्रावरून जात होता. काही उपयोग झाला नाही. तशीही माझ्या पायाला चालायची बंदी होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी घोट्याला पट्टी बांधली, आणि मुख्याध्यापकांनी फोनवर रजा मंजूर करताना विचारलं की विमानात बसल्यावर पाय मुरगळतोच कसा. इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीने माझा फोन हातात घेऊन एकदा बोट लावलं, आणि त्यात साठलेले सगळे निरोप एकदम वाजायला लागले. मावशींचेच सगळे. कुठे आहात, कुठे आहात.

ते आठ दिवस मी जमिनीवरच्या गादीवर पाय उशीवर ठेवून पडून काढले. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून सासूबाईंना पाहत होतो. घरी त्या कधी उठतात ते मला माहीत नव्हतं. इथे त्या उजाडताच उठून खिडकी उघडत, पलंगावर मांडी घालून चहा घेत आणि समोरचा माळी पाणी घालताना त्याच्या चुका काढत. माझ्यासमोर नव्हे, स्वतःशीच. मावशींच्या कपाटातून सुया काढून त्यांनी टाके पुन्हा चढवले आणि माझी लेस मला परत दिली. बाही पुरी झाली. मग त्यांनी रंग आवडला नाही म्हणून ती उसवली आणि नव्याने घातली. घाई नव्हती. दुपारी खाली इस्त्रीच्या दुकानात जाऊन बसत. एकदा वरपर्यंत हसण्याचा आवाज आला. मला वाटलं गिऱ्हाईक असेल. आवाज सासूबाईंचा होता. मी तो ओळखला नाही.

एका संध्याकाळी त्या जेवायला बसल्या, आणि मध्येच म्हणाल्या की धाकटीकडे ताटं दोन आहेत, पण ओरखडे एकाच ताटावर आहेत. एवढंच म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, हे मात्र नोंदवून ठेवतो. फोन बोलता झाल्यावर मी बायकोला सांगून अभ्यासिका रिकामी करवली. नकाशे गुंडाळून पोटमाळ्यावर गेले. गोल कॅप्टन घेऊन गेले. पलंग आला, कपाट आलं, दाराला आतून कडी बसवली. खोलीत सध्या मावशी झोपत होत्या, आणि बायको सांगत होती की त्या आता पोटभर जेवतात, कॅप्टनच्या पत्नीबरोबर पत्ते खेळतात आणि कॅप्टनना हरवतात. रविवारी दोघी बहिणींचा फोन झाला. मी जमिनीवर पडून या वेळी कान देऊन ऐकला. सासूबाईंनी बागेचं कौतुक केलं नाही. कुंपणाला गंज चढलाय म्हणाल्या. मावशींनी तिकडून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण फोन नेहमीपेक्षा बराच लांबला.

निघायच्या सकाळी मी बॅग भरून, बूट घालून, दोन्ही लेसा घट्ट बांधून उभा राहिलो. सासूबाईंची बॅग भरलेली नव्हती. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, नव्या कपात दिला आणि ती एकुलती खुर्ची पुढे केली. तेव्हा मला कळलं की मी पाहुणा आहे.

मी म्हटलं, “आई, खोली तयार आहे. पूर्वेकडची. कडीसुद्धा बसवलीय. मावशी दिवाणखान्यात झोपतील, किंवा मी झोपेन. तुम्ही चला.”

त्या खिडकीजवळ बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग आला की माणूस निदान उत्तर देऊ शकतो.

“कशाला एवढी मांडामांड केलीत, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आधी लक्षात आलं असतं तर मी आनंदाने राहिले असते हो. आता इथली सवय झाली.”

“आठ दिवसांत?”

“सवयीला काय लागतं. जागा लागते.” मग माझं तोंड पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. “अजून थोडे दिवस राहते. धाकटीला तिथे करमतंय ना? मग झालं तर. लेकीला सांगा, मी बरी आहे.”

मी म्हटलं, तुम्हा दोघींची भेट व्हायची होती, त्यासाठीच तर निघालो होतो. त्या म्हणाल्या, भेटू की. आणि तयार झालेला स्वेटर त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. धाकटीला द्या, बाही मोठी झाली असेल तर दुमडून घाल म्हणावं.

इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीने मला रिक्षा आणून दिली. मी वर पाहिलं तेव्हा सासूबाई खिडकीत होत्या, पण त्या माळ्याकडे पाहत होत्या.

विमान वेळेवर सुटलं. आकाश स्वच्छ होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. सासूबाईंच्या नावाची सीट माझ्या शेजारी, खिडकीची. मी माझ्याच जागेवर बसून राहिलो. हवाई सुंदरी पाणी वाटत आली आणि तिने त्या सीटसाठीही एक बाटली काढली, मग थबकली. हातातल्या कागदात पाहून तिने विचारलं, इथल्या आजी कुठे आहेत?

“त्या राहिल्या,” मी म्हटलं.

“अरेरे. विमान चुकलं का त्यांचं?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यांचं काही चुकलं नाही.”

तिने वाकून रिकाम्या सीटचा पट्टा नीट लावला आणि ती पुढच्या रांगेकडे गेली.